उजव्या पंख्याचा कागद

क्लोनडॉकिन, डब्लिन
१६ जानेवारी २०२१

विशाल,

ज्या घरांत 'तपासलं आहे, सर्व ठीक' असा कागद पोचला आणि माणूस पोचला नाही, त्या घरांतल्या लोकांना मी हे लिहिते आहे. तशी घरं पुष्कळ आहेत. आपल्या घरातले आता आपण दोघंच उरलो, म्हणून पत्र तुझ्या नावाने.

बुधवारी भोगी झाली. बाबांना जाऊन बावीस वर्षं. तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात घेऊन ते दुसऱ्या पाळीला गेले, आणि अंबरनाथच्या त्या कारखान्यातला सुरक्षा व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी उघडला नाही, आणि स्फोट झाला. कागदावर त्याची तपासणी आठवडाभरापूर्वीच झालेली होती. सही होती, शिक्का होता. व्हॉल्व्हला मात्र कोणी हात लावला नव्हता. आपल्यात दुसरं काही सामाईक राहिलं नसेल, पण हा राग तरी आहे ना?

आणि ज्ञानेशकाका आठवतो? बाबांच्या पाळीतला. बाराव्या दिवशी येऊन बसला आणि चहाचा कप हातात धरून म्हणाला, "तो व्हॉल्व्ह अडकतो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्या दिवशी रजा टाकली." मी त्याला काय काय बोलले ते सगळ्या चाळीने ऐकलं.  तू उठलास, दार उघडलंस आणि तो बाहेर जाईपर्यंत धरून उभा राहिलास. एकोणीस वर्षांचा होतास.

तुझा मेक्सिकोतला पत्ता संध्यामावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिला गळ घातली. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवला आहेस. टपाल तरी कोणी अडवत नाही.

मी काय करते ते तुला नीट माहीत नसेल. विमानं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आहे. जगात कुठेतरी उडणाऱ्या विमानाचा मालक पुष्कळदा इथे डब्लिनमध्ये बसलेला असतो. विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा, तो तयार झाला त्या दिवसापासूनचा सगळा इतिहास कागदावर असावा लागतो. ते कागद वाचायचे, अखंड आहेत की नाही पाहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. एरवी एकाची सही झाली की दुसरा माणूस पुन्हा वाचतो. सध्या सगळे घरी, त्यामुळे तो नियम बाजूला ठेवलाय. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझ्या मुलीची, रेवाची, पडद्यावरची शाळा.

बुधवारी संध्याकाळी सहाला इथल्या महाराष्ट्र मंडळाने झूमवर माझं भाषण ठेवलं होतं. विषय मीच दिला होता: 'न पाहता केलेली सही'. ऐंशी-नव्वद घरं ऐकत होती. वॉटरफोर्डच्या इस्पितळातल्या एक डॉक्टरबाई शेवटी रडल्या. गुरुनाथ म्हणतो, मी बोलायला लागले की शेजारचा आपलं कुत्रं आत घेतो. नवऱ्यांनी असंच म्हणायचं असतं. भाषणाआधी एका मेक्सिकोच्या विमानाची फाइल एका बैठकीत हातावेगळी केली. मेक्सिको म्हटल्यावर तू आठवलास, आणि आज लिहायला बसले.

कारखान्याच्या फाटकावरच्या गेटसभेत जे बोलले ते मी विसरलेले नाही. कारखान्याविरुद्ध सहा वर्षं लढवलेला खटला तू आईची सही घेऊन मिटवलास, आणि दोनशे कामगारांपुढे टेबलावर उभं राहून मी म्हणाले, "बापाच्या मरणावर पांघरूण घालणारी सही माझ्या भावाने आणून दिली." मुद्दा मी आजही मागे घेत नाही. शब्द मागे घेते. सोळा वर्षं लागली.

ताई

---

क्लोनडॉकिन
४ एप्रिल २०२१

विशाल,

तुझं उत्तर आलं नाही. रोहिणीचं आलं. चार पानं, सुवाच्य अक्षर. तुझ्या बायकोला मी लग्नातही पाहिलं नव्हतं आणि तिने मला 'ताई' लिहिलं आहे. इथे अजून घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी आहे, तेव्हा ते पत्र घेऊन मी कालव्याच्या काठाने दोन फेऱ्या मारल्या आणि चालता चालता वाचलं.

दर सोमवारी तू तुमच्या ओआहाका शहरातून डोंगरापलीकडच्या पवनचक्क्यांवर कामाला जातोस आणि शुक्रवारी कंपनीच्या गाडीने परत येतोस, असं ती लिहिते. जाताना ते छोटं स्वस्त विमान. त्याच्या तऱ्हा वाचून मी एकटीच हसले. तिकीट टॅक्सीपेक्षा स्वस्त, पण बॅगेचे वेगळे, पाण्याचे वेगळे. विमान मनात येईल तेव्हा सुटतं. एकदा पाच तास बसवून ठेवलं आणि मग उद्या या म्हणाले. पगार थकल्यामुळे काउंटरवरची मुलगी येईनाशी झाली, तर पांढऱ्या मिशांचा तो वैमानिक स्वतःच शिडीपाशी काटा घेऊन उभा राहतो, बॅगा तोलतो आणि तुला 'इन्हेनिएरो', म्हणजे इंजिनिअरसाहेब, अशी हाक मारतो.

ती आणखी एक लिहिते: तुला त्या विमानाची भीती वाटते. तू कोणाला सांगत नाहीस, पण रविवारी संध्याकाळी जेवत नाहीस. बसने जावं असं तुझ्या मनात आहे. बसला घाटातून सहा तास लागतात.

तिने पाठवलेल्या फोटोत तू मास्क लावून शिडीवर उभा आहेस. दाढी पिकली तुझी. तुझ्यामागे विमानाची शेपटी दिसते आणि शेपटीवरचा नंबर. भिंग घेऊन पाहिला. विशाल, ते माझंच विमान आहे. जानेवारीत मी जी फाइल संपवली ती ह्याच विमानाची. त्याच्या इंजिनांपुढे फिरणाऱ्या दोन्ही पंख्यांचा, चाकांचा, इंजिनांचा कागद न् कागद माझ्या हाताखालून गेलाय.

तेव्हा बसबिस मनातून काढून टाक. निर्धास्त बस. तुझ्या बहिणीने तपासलेलं विमान आहे ते.

ताई

---

क्लोनडॉकिन
२६ सप्टेंबर २०२१, रविवार

विशाल,

हे पत्र टपालाने नाही. फोटो काढून रोहिणीच्या फोनवर पाठवते आहे, लवकर पोचावं म्हणून.

खास काही नाही. गेल्या सोमवारपासून आमचं ऑफिस पुन्हा उघडलं. माझा साहेब डर्मट घरून सफरचंदाचा केक घेऊन आला होता. दीड वर्षाने सगळे एकमेकांच्या उंचीकडे पाहत होते, पडद्यावर कोणालाच उंची नसते. तुमच्या त्या विमान कंपनीने भाडं थकवलं आहे, तेव्हा विमान वर्षअखेरीला परत घ्यायचं ठरलं. त्यासाठी मूळ कागदांची खोकी आली आहेत आणि ती माझ्याकडे आहेत.

सहज विचारते. विमानात तू कुठल्या बाजूला बसतोस? उजव्या बाजूला कधी थरथर जाणवते का? आवाज? पंखे सुरू होताना दोन्ही एकाच वेळी पूर्ण वेग घेतात, की एक मागे राहतो?

उद्या जाणं फारच गरजेचं आहे का? एखादी सोमवारची रजा घेतलीस तर चालेल का? रोहिणीलाही बरं वाटेल.

खास काही नाही. कामाची माहिती म्हणून विचारते.

ताई

---

क्लोनडॉकिन
३० सप्टेंबर २०२१, गुरुवार

विशाल,

सोळा वर्षांनी तुझं पहिलं वाक्य आलं: "ताई, आता काय पाहिजे?"

त्याखाली रोहिणीने माझ्या प्रश्नांची उत्तरं पाठवली. तू उजव्या खिडकीशी बसतोस. जून महिन्यापासून थरथर आहे. मिक्सरमध्ये चटणी कमी पडली की भांडं थरथरतं, तशी, असं तू म्हणालास. ते वाक्य मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि कठडा धरून उभी राहिले. वरून येणाऱ्या मुलाने विचारलं, बरं वाटत नाही का. मी ग्रँड म्हणाले. इथे काहीही झालं तरी ग्रँड, म्हणजे सगळं ठीक, म्हणायचं असतं.

आता सगळं सांगते. आडपडदा न ठेवता. मला तसं जमतं असा माझा समज होता.

पंख्याची पाती ठराविक तासांनंतर कारखान्यात पाठवून, पूर्ण सुटी करून, आतल्या भेगा तपासून परत बसवावी लागतात. झाल्यावर कारखाना कागद देतो. ह्या विमानाच्या डाव्या पंख्याचा कागद आहे, उजव्याचाही आहे. जानेवारीत मला त्यांच्या काळ्या-पांढऱ्या प्रती मिळाल्या होत्या. गेल्या शुक्रवारी, म्हणजे २४ तारखेला, मूळ रंगीत कागद हातात आले. डाव्या पंख्याच्या कागदावर कोपऱ्यात कॉफीच्या कपाच्या बुडाचा गोल डाग आहे, फिकट, एका जागी तुटलेला. उजव्या पंख्याच्या कागदावर तोच डाग आहे. त्याच कोपऱ्यात, तिथेच तुटलेला. एकावर एक ठेवून दोन्ही कागद खिडकीशी धरले. डाग जुळला. सही जुळली, तिच्या शेवटच्या फराट्यासकट. वेगळा आहे तो फक्त पंख्याचा नंबर.

उजव्या पंख्याचा कागद नाहीच आहे, विशाल. डाव्याची नक्कल करून नंबर बदलला आहे. तो पंखा शेवटचा कधी उघडला हे कोणालाच माहीत नाही.

काळ्या-पांढऱ्या प्रतीत डाग दिसत नव्हता, हे खरं. पण सही दिसत होती. दोन कागद शेजारी ठेवले असते तर सही कळली असती. शेजारी ठेवायचे हाच नियम आहे, मीच नव्या मुलांना तो शिकवते. त्या दिवशी मी ठेवले नाहीत. साडेपाच वाजले होते आणि सहाला माझं भाषण होतं. साडी नेसायची होती, दिवा नीट लावायचा होता. शेवटची चाळीस पानं मी नुसती सरकवली, सही केली, दुसऱ्या माणसाच्या रकान्यातही माझीच खूण केली, आणि 'न पाहता केलेली सही' या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. लोक रडले.

पुढचं ह्याहून वाईट आहे. तुला भीती वाटत होती. तू बसने जाणार होतास. मी लिहिलं, निर्धास्त बस. रोहिणी लिहिते की माझं ते पत्र तू पाकिटात ठेवलं आहेस आणि त्यानंतर तू रविवारी जेवायला लागलास.

आणि त्याहूनही वाईट. मला शुक्रवारी कळलं. रविवारी मी तुला थरथर होते का असं 'सहज' विचारलं. सोमवारी तू उडालास. तीन दिवस मला ठाऊक होतं. माझी नोकरी जाईल, यापुढे कोणी माझी सही धरणार नाही, मंडळातले लोक काय म्हणतील, हे सगळं मी मोजत बसले आणि तू उजव्या खिडकीशी बसून डोंगर ओलांडलास. सोमवारी आमच्या दुपारी, म्हणजे तुमच्या सकाळी, तू पोचल्याचं रोहिणीने कळवेपर्यंत मी फोन हातात धरून बसले होते. रेवाने विचारलं, कोणाचा फोन यायचाय? कामाचा म्हणाले. बारा दिवसांनी तरी ज्ञानेशकाका येऊन खरं बोलला होता.

मंगळवारी डर्मटला दोन्ही कागद दाखवले. त्याने पाहिले, चष्मा काढला, पुन्हा पाहिले. माणूस वाईट नाही. म्हणाला, "तिकडच्या विमान कंपनीतला कागदवाला नवीन पान पाठवेल, शुक्रवारपर्यंत येईल. होईल सगळं ग्रँड."

मी म्हणाले, "पान येईल. पंखा कोण उघडणार?"

तो म्हणाला, "निवेदिता, पंखा खराब आहे याचा तुझ्याकडे काही पुरावा नाही. कागद खराब आहे, एवढंच."

हेच वाक्य, विशाल. अंबरनाथच्या मॅनेजरने कोर्टात म्हटलेलं हेच वाक्य, फक्त इंग्रजी जरा बरं.

तू सोमवारी त्या विमानात बसू नकोस. मला काय वाटेल ते म्हण. बसू नकोस.

ताई

---

क्लोनडॉकिन
२ ऑक्टोबर २०२१, शनिवार

विशाल,

काल मी सगळं लेखी दिलं. माझ्या कंपनीला, तुमच्या विमान कंपनीला, दोन्ही देशांतल्या विमान सुरक्षा खात्यांना. माझी चूक पहिल्या ओळीत लिहिली. डर्मटने मला घरी जायला सांगितलं आणि दारावरचं कार्ड काढून घेतलं. लिफ्टपर्यंत सोडायला आला.

उत्तरं आली आहेत. एका खात्याचं यंत्राने पाठवलेलं: कार्यालय सोमवारी उघडेल. दुसऱ्याचं तसंच. विमान कंपनीचं स्पॅनिशमध्ये, रोहिणीने वाचून सांगितलं: कागदपत्रांचा विभाग तूर्त बंद आहे, दहा कामाच्या दिवसांत उत्तर देऊ. पुढचं उड्डाण तुमच्या सोमवारी सकाळी सहा चाळीसला आहे. त्याआधी तुमच्याकडचं कोणाचंही कार्यालय उघडत नाही, आणि इथलं उघडलं तरी तिकडचं विमान थांबवायचा अधिकार त्याला नाही.

आणि तुझं उत्तर आलं: "मी बसने जातो. विषय संपला."

ते वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. गुरुनाथ पाणी घेऊन आला. हायसं वाटलं, विशाल, इतकं की रडू आलं. माझा भाऊ वाचला. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच मला भीती वाटायला लागली. कारण ज्ञानेशकाकालाही त्या दिवशी घरी बसून असंच हायसं वाटलं असणार. त्याला माहीत होतं. त्याने रजा टाकली. बाबा डबा घेऊन गेले.

त्या विमानात अठ्ठेचाळीस जागा आहेत. रोहिणी म्हणते, सोमवारी बहुतेक भरलेल्या असतात. पवनचक्क्यांवर जाणारे तुझ्यासारखे, शहरातल्या इस्पितळातून तपासणी करून परतणाऱ्या म्हाताऱ्या, कोंबड्यांचं खोकं घेऊन येणारी एक बाई, जिचं खोकं वैमानिक दर वेळी तोलतो आणि दर वेळी तिच्याशी भांडतो. त्यांच्यापैकी कोणाच्याही घरी माझ्यासारखी बहीण नाही. त्यांच्या घरी फक्त कागद पोचेल.

गेटसभेपासून झूमपर्यंत मी आयुष्यभर बोलत आले. टेबलावर उभी राहून बोलले, माईक नसताना बोलले, तुझ्याविरुद्ध बोलले. आज आठ हजार किलोमीटरवर माझं बोलणं कोणाच्या कामाचं नाही. ते विमान थांबवायला मालक पुरेसा नाही, खातं पुरेसं नाही, मी तर आता कोणीच नाही. पण एक माणूस ते थांबवू शकतो. जगभर नियम एकच आहे: वैमानिक नाही म्हणाला तर विमान हलत नाही. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि तो वैमानिक दर सोमवारी शिडीपाशी काटा घेऊन उभा असतो, तुला ओळखतो, तुला हाक मारतो. त्याचाही जीव त्याच विमानात आहे.

तुला चारचौघांत बोलायला आवडत नाही हे मला माहीत आहे. बाबा गेले तेव्हापासून माहीत आहे. आईची सही घेतलीस तेव्हाही तू कोणाला कारण सांगितलं नाहीस. रोहिणीने परवा सांगितलं. आईला कोर्टात दर तारखेला तो स्फोटाचा फोटो दाखवायचे, आणि तिला ते बघवत नव्हतं. सोळा वर्षं तू हे माझ्यापासून लपवलंस, कारण ऐकून मी गप्प बसले नसते. मी शब्द मागे घेते असं जानेवारीत लिहिलं होतं. आज मुद्दाही मागे घेते. तू आईचं दुखणं पाहून सही घेतलीस. न पाहता सही केली ती मी.

तुला भाषण करायचं नाही. एक वाक्य पुरे. ते रोहिणीने स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलं आहे: उजव्या पंख्याचा कागद खोटा आहे, तुम्हीच पाहा. मग ते दोन कागद. त्यांचे रंगीत फोटो ह्या पत्रासोबत आहेत, उद्या रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घे, पातळ कागदावर. एकावर एक ठेव. त्याला उजेडाकडे धरायला सांग. पुढचं त्याला डाग सांगेल, सही सांगेल. तो हसेल कदाचित. मागची रांग कुरकुर करेल, कोंबड्यांवाली बाई तुला ढकलेल. तू ज्ञानेशकाकासाठी दार धरून उभा राहिला होतास ना, तसा उभा राहा. तो कागदांकडे पाहीपर्यंत हलू नकोस.

मला खूप भीती वाटते आहे. तुझी, त्यांची, माझी. त्याने पाहिलं नाही तर काय, याचा विचार करायला लागले की लिहिणं थांबतं. म्हणून विचार थांबवते आणि फक्त हे मागते.

बस साडेआठला आहे, ती तुला मिळेल. त्याआधी, सोमवारी सकाळी सहा वाजता, विमानतळावर जा आणि हे दोन कागद त्या वैमानिकाच्या हातात दे.